कॉफीच्या डब्यातला पुरावा

“मावशी, घाबरू नका, नुसता वास घ्या,” असं म्हणत नदीतल्या प्राण्यांच्या पाहणीला आलेल्या मुलीने बशी मावशीच्या नाकाखाली धरली.

बशी विश्रामगृहाची होती, निळ्या काठाची, पाहुण्यांच्या चहाची. तिच्यात काळपट, बोटभर लांबीचं काहीतरी होतं आणि त्यातून माशाचे खवले चमकत होते. मावशी एकवीस वर्षं या विश्रामगृहाची देखभाल करत होती. पाहुण्यांच्या नाना तऱ्हा तिने पाहिल्या होत्या. पण चहाच्या बशीत शी घालून ‘वास घ्या’ म्हणणारी ही पहिलीच.

“बशी काय यासाठी असते का गं?”

“धुऊन देते हो. पाणमांजराची आहे, मावशी! पुलाखाली सापडली, तिसऱ्या खांबापाशी. दहा वर्षांपूर्वी पार खाली, खाडीजवळ चार-दोन उरली होती. पाणी सुधारलं तशी दर वर्षी एकेक पूल वर सरकत आली. आणि आज इथे!” मुलीला लॉटरी लागल्यासारखं झालं होतं.

पोरीचं मन राखायला म्हणून मावशीने वास घेतला आणि टेबलाची कड घट्ट धरली. ओलं गवत, मासा, आणि मागाहून येणारा कसला तरी गोडसर वास. हा वास तिच्या ओळखीचा होता. सव्वीस वर्षांपूर्वी तो तिच्याच स्वयंपाकघरात, फळीवरच्या कॉफीच्या डब्यातून येत असे.

तेव्हा तिचा नवरा नदीकाठच्या मत्स्यबीज केंद्रात तळी राखायचा. चौथ्या तळ्यातले बीजासाठी राखलेले मोठे मासे एकेक करून नाहीसे व्हायला लागले. नवरा म्हणाला, पाणमांजर नेतं, मी डोळ्यांनी पाहिलं. मोठे साहेब पोट धरून हसले. कारखान्याच्या पाण्याने नदीत बेडूकसुद्धा उरला नव्हता, तिथे पाणमांजर कुठून येणार? मग हसणं संपलं आणि चौकशी लागली. मासे तूच बाहेर विकतोस, असं त्याच्या तोंडावर म्हटलं गेलं. नवऱ्याने बांधावरून सापडलेली ती काळी शी रिकाम्या कॉफीच्या डब्यात भरून ठेवली. सोमवारी चौकशीत साहेबांच्या टेबलावर डबा उघडणार होता.

रविवारी मावशीने डबा उकिरड्यावर नेऊन टाकला.

घाण होती म्हणून टाकला, असं ती इतकी वर्षं स्वतःला सांगत आली होती. खरं तर तिला नुसती कल्पनाच सहन होत नव्हती: सगळे अधिकारी बसलेले, आणि आपला नवरा डब्यातून शी काढून दाखवतोय. आणि त्याच्याही खालचं खरं असं, की तिचा त्याच्यावर विश्वास नव्हता. सोमवारी सकाळी त्याने फळी धुंडाळली, पलंगाखाली पाहिलं. “डबा कुठे गेला?” त्याने विचारलं. “कुठला डबा?” ती म्हणाली. तो रिकाम्या हाताने गेला आणि नोकरी घालवून आला.

“मुली,” मावशीने विचारलं, “सव्वीस वर्षांपूर्वी इथे असेल का गं एखादं?”

“छे! आमच्या पाहणीच्या नकाशात बघा ना.” मुलीने कागद पसरला. या पुलापाशी तेहतीस वर्षांचा रकाना नुसता पांढरा होता. “तेव्हाच्या पाहणीला इथून लेखी उत्तर गेलेलं आहे, पाणमांजर नाही म्हणून. मत्स्यबीज केंद्राच्या साहेबांची सही आहे.”

साहेबांनी लिहिलं म्हणून नकाशात पाणमांजर नाही, आणि नकाशात नाही म्हणून नवरा खोटारडा. मग आधी काय होतं? आणि नाकात बसलेला हा वास, त्याचं काय करायचं? तिने तीच बशी दोनदा धुतली, तिसऱ्यांदा धुवायला घेतली, तेव्हा मुलगीच म्हणाली, “मावशी, झाली ती.”

आपल्याला बरं वाटतंय की वाईट, हेच तिला कळेना. नवरा चोर नव्हता, याचा आनंद व्हायला हवा होता. पण मग चूक कोणाची, हे विचारायला दुसरीकडे कुठे जायची सोय उरत नव्हती.

दुपारी तिने मुलीकडून त्यातला तुकडा मागून घेतला. मुलगी आधी चकित झाली, मग खुशीत येऊन तिने चिमटीभर दिला. मावशीने तो पानात गुंडाळला, पान औषधाच्या रिकाम्या डबीत घातलं, आणि ती बाजाराच्या टोकाला नवऱ्याच्या दुकानाकडे निघाली. वाटेत ती दोनदा परत फिरली. एकदा तर विश्रामगृहाच्या फाटकापर्यंत आली, आणि माळ्याने “काही विसरलात का?” म्हणून विचारल्यावर काही न सुचून पुन्हा वळली.

नवरा कुलपं दुरुस्त करायचा, किल्ल्या बनवायचा. चोर म्हणून नोकरीवरून काढलेल्या माणसाच्या हाती सगळं गाव आपापल्या घराच्या किल्ल्या निर्धास्त देत होतं. गावाला जे उमगलं होतं ते आपल्याला घरात बसून उमगू नये, याची तिला आज पहिल्यांदा लाज वाटली.

तो कानशीने किल्ली घासत होता. तिने डबी समोर ठेवली. “अहो, हे बघा जरा.”

त्याने हात पुसून डबी उघडली, नाकाशी नेली.

“कुठे?”

“पुलाखाली. तिसऱ्या खांबापाशी.”

“ताजी आहे,” तो म्हणाला.

“तो डबा मी टाकला होता.” शेवटी एकदाचं तिच्या तोंडून निघालं.

“माहीत आहे. उकिरड्यावर दिसला मला, चौकशीहून येताना.”

“मग एका शब्दाने बोलला नाहीत ते?”

त्याने किल्ली उजेडात धरून दाते पाहिले. “काय बोलणार? सगळे नाही म्हणत होते. तूही मनातून नाहीच म्हणत होतीस. मग मलाच वाटायला लागलं, कुत्रं असेल. पुढे पुढे तर वाटायचं, मासे मीच कोणाला दिले असतील आणि विसरलो असेन.” तो हसला, पण तिला ते हसू बघवलं नाही. एवढी वर्षं तिला वाटत होतं, की तो तिच्यावर रागावून गप्प आहे.

तिला रडू आलं आणि ती भर दुकानात रडली. किल्ली घ्यायला आलेलं गिऱ्हाईक बिचारं आल्या पावली मागे फिरलं.

संध्याकाळी दोघं विश्रामगृहावर आली. मुलीने सगळं ऐकलं, आधी गोंधळली, मग पिशवीतून एक छापील अर्ज काढला. जुनी नोंद असेल तर त्यावर लिहून द्यायची असते म्हणाली, मग वरचे लोक तपासतात आणि नकाशात भरतात.

नवरा व्हरांड्यातल्या बाकावर बसून सावकाश लिहू लागला. नाव लिहिलं, साल लिहिलं, जागा लिहिली. ‘पाहणाऱ्याचा व्यवसाय’ या ओळीशी पेन थांबलं. मावशी सांगणार होती, कुलूपवाला लिहा. त्याने लिहिलं: राखणदार, तळे क्रमांक चार.

खाली आणखी एक ओळ होती: ‘साक्षीदार, असल्यास’. त्याने त्या ओळीवरून बोट फिरवलं आणि कागद मुलीकडे द्यायला उचलला.

“आणा इकडे,” मावशी म्हणाली आणि तिने कागद ओढून घेतला.

“तुम्हीसुद्धा पाहिलं होतं, मावशी?” मुलीने विचारलं.

“नाही गं. मी पुरावा टाकला.”

मुलीने अर्ज उलटापालटा करून पाहिला. त्यात तसा रकाना नव्हता.

“मग मी काय लिहू?”

“तू नको लिहूस, मी लिहिते.” मावशीने साक्षीदाराच्या ओळीवर आपलं पूर्ण नाव घातलं, आणि जागा पुरेना म्हणून समासात आडवं लिहिलं: वास तोच आहे. नवऱ्याने चष्मा वर करून ते दोनदा वाचलं आणि शाई वाळेपर्यंत कागद उडू नये म्हणून त्यावर हात ठेवून बसला.