मार्था नावाची बाई

ते चौऱ्याऐंशी साल होतं. गिरण्यांच्या संपाला तिसरं वर्ष सरत आलं होतं. घाटकोपरच्या भटवाडीत, डोंगराला चिकटून वर चढत गेलेल्या बैठ्या चाळींमधले पुरुष ‘गिरणी सुरू झाली की...’ असं म्हणायला सुरुवात करत आणि मध्येच गप्प होत. ऑक्टोबरात दिल्लीत पंतप्रधानांना त्यांच्याच पहारेकऱ्यांनी मारलं. तेव्हापासून सरकारला स्वतःच्या सावलीचीही धास्ती वाटते, असं लोक म्हणत. पण मालनच्या आयुष्याला जे लागलं ते डिसेंबरातल्या एका दुपारी, आणि तेही तिच्याच तोंडून.

मालन विधवा होती. नवरा काविळीने गेल्याला सहा वर्षं झाली होती. शिवणयंत्रावर ब्लाउज शिवून आणि साड्यांना फॉल लावून तिने घर चालवलं, मुलीला, सुलक्षणाला, दहावी केलं. आता सुलक्षणा एकोणीस वर्षांची होती आणि मालनच्या मनात एकच गोष्ट घर करून होती. मुलगी द्यायची ती एक दार टाकून, परबांकडे. म्हणजे हाक मारली तरी ऐकू जाईल, दुखलंखुपलं तर धावत येईल. नाहीतर पोर दूर गेल्यावर या दहा बाय बाराच्या खोलीत आपण आणि ते यंत्र, एवढंच उरणार.

परबांचा जयवंत होताही तसाच. बाप धाकू संपात गेला आणि विक्रोळीच्या एका कारखान्याच्या गेटवर हंगामी वॉचमन झाला. आई राधा पापड लाटायची. जयवंतने आयटीआय केलं आणि एका मोठ्या सरकारी केंद्राची परीक्षा पास झाला. तिथे देशाच्या संरक्षणाचं काम चालतं आणि आत जे चालतं ते बाहेर बोलायचं नसतं, एवढंच चाळीला ठाऊक होतं. डॉक्टरी तपासणी झाली. पोलीस चौकीतला हवालदार खाकी कपड्यांत येऊन, दोन सह्या घेऊन, चहा पिऊन गेला. चौकशी संपली असं सगळ्यांनी धरलं. आता फक्त ऑर्डर यायची होती.

पण नोकरीचा वास स्थळांना आधी लागतो. एके सकाळी नळावर राधाने मालनला गाठलं.

“गो मालन, दहिसरची माणसा येवची आसत जयवंताची चौकशी करूक. तुका कोणी इचारल्यान तर बरा बोल हां.”

“माझ्या तोंडातसून तुझ्या झिलाबद्दल वायट येतला काय?”

“तसा न्हय गो. पोरगी एकुलती एक. स्वतःची खोली आसा तेंची.”

मालन हसली आणि तिने कळशी उचलली. घरी येईपर्यंत ती कळशी तिला मणाची झाली.

त्यांच्याकडची रीत अशी होती की मुलीकडचा माणूस थेट मुलाच्या घरी विचारत नसे. दोन-तीन दारं सोडून विचारायचा. आपण कोण, कुठले, ते सांगायचा नाही; खोली बघायला आलो, ओळखीच्याला शोधतोय, असं काहीतरी म्हणायचा. आणि ज्याला विचारलं तोही ते कळूनसवरून न कळल्यासारखं करायचा. चाळीतली निम्मी लग्नं अशीच जमली होती, आणि निम्मी अशीच मोडली होती.

म्हणून त्याच आठवड्यात पन्नाशीचा एक माणूस, पांढरा बुशशर्ट, काखेत रेक्झिनची पिशवी, भर दुपारी तिच्या दाराशी थांबून “बाई, इथे एखादी खोली भाड्याने मिळेल का?” म्हणाला, तेव्हा मालनने मनात म्हटलं, आले दहिसरकर.

“खोली आता कुठली? बसा, पाणी देते.”

तो बसला. पाणी प्यायला. नातेवाईक कोण, गाव कुठलं, असं इकडचं तिकडचं झालं. मग तो हळूच म्हणाला, “ते पहिल्या खोलीतले परब. त्यांचा मुलगा म्हणे सरकारी नोकरीला लागतोय. कसा काय आहे मुलगा?”

मालनने स्टोव्ह पेटवला. या प्रश्नाला चहा लागतोच.

“मुलगा चांगला आहे. विडीकाडी नाही, दारू नाही.”

“संगत?”

“तीही चांगली.”

“मोर्चेबिर्चे? युनियन?”

“छे! बाप गेला संपात तेवढं पुरे झालं.” मुलीकडच्यांना संपाची भीती वाटणारच, असं तिला वाटलं.

“घरी कोण येतं जातं? पत्रबित्र?”

मालनचा हात साखरेच्या डब्यात थांबला. जयवंतला पत्रं येत होती, हे खरं. त्याला रेडिओचं वेड. परदेशी केंद्रं लावायचा आणि त्यांना पोस्टकार्डं पाठवायचा. तिकडून कार्यक्रमांची पत्रकं, स्टिकर, कॅलेंडर असं काहीबाही यायचं. तिकिटं तो सुलक्षणाला द्यायचा. त्यातलंच एक कॅलेंडर त्याने मालनला दिलं होतं. या क्षणी ते त्या माणसाच्या डोक्यावरच लटकत होतं. डिसेंबरचं पान. बर्फाने गोठलेली नदी आणि काठावर तपकिरी कोटातली, उंच बूट घातलेली एक गोरी बाई.

मुलाला दारुडा म्हणावं तर उद्या तोच जावई व्हायचा. बोललेलं फिरून आपल्याच दारात येतं. काहीतरी असं हवं होतं की दहिसरकर पळतील आणि मागे डाग राहणार नाही.

“पत्रं येतात हां त्याला,” ती म्हणाली. “बाहेरदेशातून.”

“कोणाची?”

“एका बाईची.”

 माणूस बशीत चहा ओतून फुंकत राहिला. त्याच्या गप्प बसण्याने मालनला आणखी बोलावंसं वाटलं.

“दर महिन्याला येतं. आलं की पोरगा दार लावून वाचतो. तिकडेच जाणार म्हणतो, इथलं काही त्याला नकोसं झालंय.”

“नाव काय बाईचं?”

सुलक्षणाच्या वेळी बाळंतिणींच्या वॉर्डात एक नर्स होती, फार जीव लावणारी. तिचं नाव आपसूक ओठांवर आलं. “मार्था. मार्था की काय म्हणतात. मी कशाला खोटं बोलू? पोरीच्या बापाने सगळं बघून घ्यावं.”

तो हसला. “बरोबर आहे तुमचं,” म्हणाला, आणि कप नीट बशीत ठेवून निघून गेला. जाताना परबांच्या दाराकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

दोनच दिवसांनी दहिसरची माणसं आली. दोन बायका आणि एक म्हातारा. त्यांनी चौथ्या दारात विचारलं. मालनकडे कोणी आलंच नाही.

ती यंत्रावर बसली होती. पायाखालची पट्टी थांबली. मग तो कोण होता?

जानेवारी गेला. दिल्लीत सरकारी कचेऱ्यांतले कागद परदेशी लोकांच्या हाती गेल्याच्या बातम्या पेपरात येत होत्या. धाकू त्या मोठ्याने वाचायचा. जयवंतबरोबर पास झालेल्या मुलांना ऑर्डरी आल्या. त्याला आली नाही. फेब्रुवारीत एक साधं पाकीट आलं. फोर्टात अमुक पत्त्यावर हजर राहा.

तो संध्याकाळी परत आला तेव्हा अर्धी चाळ त्यांच्या दारात होती. मालनही होती.

“काय विचारलं रे?” धाकू म्हणाला.

“वाट लागली, बाबा. पाच तास बसवलं. एकच प्रश्न फिरवून फिरवून. मार्था कोण?”

“कोण मार्था?”

“तेच तर! मी म्हटलं, साहेब, आमच्या अख्ख्या चाळीत मार्था नाही. ते म्हणतात, चाळीतली नाही, बाहेरची. दर महिन्याला पत्र पाठवते ती. मी रेडिओचं सांगितलं, स्टिकर दाखवले. ते म्हणाले, हे आम्हाला माहीत आहे, तू बाईचं सांग.” तो हसायला गेला आणि त्याला हसू आलं नाही. “आई, मला एकदा वाटलं, असेलच कोणीतरी. मीच विसरलो असेन.”

राधाने देवापुढे साखर ठेवली. मालन घरी आली आणि तिने कॅलेंडर काढून स्टोव्हवर जाळलं.

काही उपयोग झाला नाही. त्या चाळीत चपला वाजत. बूट कोणी घालत नसे. पण दुपारी पुरुष कामावर आणि पोरं शाळेत गेली की पायऱ्यांच्या दगडावर बूट वाजायचे. सावकाश, एकेक पायरी. तिसऱ्या, तिच्याच दाराशी येऊन थांबायचे. मालन मान वर करायची नाही. जिथे कॅलेंडर होतं तिथला चौकोन बाकी भिंतीपेक्षा उजळ राहिला होता, आणि त्याच्याकडे पाठ करून बसलं तरी पाठीला गारवा लागायचा. नळाच्या रांगेत तिच्या मागे कोणीतरी उभं असायचं, हंडा नसलेलं. आपण हिला मार्था नाव दिलं, कामाला लावलं, आता ही जाणार कुठे? हिला ना गाव ना घर. एक फाइल आणि एक आपण.

“आई, तू यंत्रावर बसून कोणाशी बोलतेस गं?” एकदा सुलक्षणाने विचारलं.

मार्चमध्ये मालनने जयवंतला डोंगरावरच्या पाण्याच्या टाकीपाशी बोलावलं आणि सगळं सांगितलं. सुलक्षणासाठी बोलले, हेही सांगितलं.

तो खाली पसरलेले छपरांचे पत्रे बघत राहिला.

“काकी, तुला दुसरं काही सुचलं नाही? चोर म्हणायचंस. फेफरं येतं म्हणायचंस.”

“मार मला जयवंता. दोन थोबाडीत दे.”

“आईला सांगू नकोस,” तो म्हणाला. “ती तुला सोडणार नाही. आणि मग तिला तरी या चाळीत दुसरं कोण आहे? चल, माझ्याबरोबर फोर्टात चल. तूच सांग त्यांना.”

इमारत जुनी होती, दारावर पाटी नव्हती. दोन तासांनी त्यांना आत घेतलं. टेबलामागे तोच माणूस होता, तोच पांढरा बुशशर्ट. मालनने त्याच्यापुढे हात जोडले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. तिने काहीही लपवलं नाही.

त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाला, “बाई, तुम्ही मला मुलीकडचा समजलात, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. म्हणूनच तर तुमचा शब्द धरला. पोलिसाला माणूस जपून सांगतो. मुलीकडच्यांना खरं सांगतो.”

“साहेब,” मालन म्हणाली, “मुलीकडच्यांनाच तर खोटं सांगतात!”

त्याने पेन खाली ठेवलं. हे त्याच्या शिक्षणात कुठे आलं नसावं.

“तेव्हा तुमचा यात काही स्वार्थ नव्हता. निदान मला तसं दिसलं. आज तुम्ही म्हणता, हा तुम्हाला जावई करायचाय, आणि त्याच्यासोबतच आला आहात. आता तुम्ही सांगाल ते मी कसं लिहू? उलट कोणी विचारेल, या बाईला जबाब फिरवायला कोणी लावलं?” त्याने जयवंतकडे पाहिलं. “मी हे दुसरं लिहीन. पण पहिलं काढता येत नाही. इथे फाइलला कागद लागतो, निघत नाही.”

“पण ती बाई नाहीच आहे हो!”

“नाही, हे कोण सिद्ध करणार?” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, थोडा थकवा होता.

खाली उतरताना लाकडी जिन्यावर जयवंतच्या चपला वाजल्या, मालनच्या वाजल्या, आणि मागे, दोन पायऱ्या वर, बूट वाजले. जयवंतनेही मागे वळून पाहिलं. जिना रिकामा होता. तो मालनचा हात धरून झपझप खाली उतरला.

एप्रिलमध्ये दोन ओळींचं पत्र आलं. आपली निवड होऊ शकली नाही. कारण दिलेलं नव्हतं.

पुढच्या वर्षी, शहाऐंशीच्या तुळशीच्या लग्नानंतर, राधा स्वतः मालनच्या दारात आली. हळदीकुंकवाची पुडी हातात होती. “माझ्या जयवंताक तुझी सुलू दे गो,” म्हणाली. “दहिसरची तर कधीच फिरली. तू बारीकपणापासून बघितलंस तेका.”

मालनला जे हवं होतं ते उंबऱ्यावर चालत आलं होतं. ती उठली, राधाला पाट दिला, आणि म्हणाली, “नको.”

“कित्याक?”

“नको, राधा.”

“नोकरी नाय म्हणान? तसा सांग ना तोंडार.”

 त्या घरात मुलगी पाठवली असती तर तिच्यामागून आणखी एकजण उंबरा ओलांडून आत गेली असती, हे ती राधाला कोणत्या तोंडाने सांगणार होती? राधाने पुडी परत कमरेला खोचली आणि उठून गेली. पुन्हा ती मालनशी बोलली नाही.

धाकू अठ्ठ्याऐंशी साली गावी गेला आणि तिथेच वारला. गिरणी सुरू झाली नाही. जयवंतला मुलुंडला एका छोट्या वर्कशॉपमध्ये काम मिळालं, आणि पुढे फोरमन होऊन तो तिथूनच निवृत्त झाला. त्याने लग्न उशिरा केलं, रत्नागिरीकडची मुलगी. रेडिओ मात्र त्याने पंच्याऐंशी सालीच विकला होता. सुलक्षणाला बोरिवलीला दिलं, बेस्टच्या कंडक्टरला. ती सुखात आहे, आणि आईने परबांना नाही का म्हटलं हे तिला आजही ठाऊक नाही. त्या माणसाचं नाव शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. मार्थाचा कागद कुठल्या कपाटात आहे, की वाळवीने खाल्ला, तेही नाही.

मालन त्याच खोलीत सतरा वर्षं एकटी राहिली. शेवटी शेवटी ती दुपारी दोन कप चहा करायची. दोन हजार तीन साली ती गेली. जयवंत मुलुंडहून आला, त्याने खांदा दिला. राधा तिसऱ्या दारापर्यंत आली, चौकटीला हात लावून उभी राहिली, आणि आत न येताच परत फिरली.