डाव्या कुशीवरचं चित्र

साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं, "पण हवंय कशाला ते?" आणि धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधी दोनदा तिने शांतपणे सांगितलं होतं, आणि शांतपणे सांगणं हा काही तिचा स्वभाव नव्हे. ऑफिसात तिला सगळे धाकटीच म्हणत. ताईचा फोन आला की ती "हां, धाकटी बोलतेय" असं खणखणीत आवाजात सुरू व्हायची, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं. मग नाव पडायला कितीसा वेळ लागतो?

त्या ऑफिसचा धंदा जुने खेळ नव्याने विकायचा. पूर्वी हॉलमध्ये नाणं टाकून मशीनवर खेळायचे ना, ते खेळ घरच्या टीव्हीवर चालतील असे करून द्यायचे. सध्या हातात होता विमानाचा खेळ. पिटुकलं विमान तळाशी, शत्रू वरून येणार, आणि गोळ्यांचा नुसता सडा. हॉलमधल्या मशीनचा पडदा दारासारखा उभा असायचा आणि घरचा टीव्ही पडला आडवा, सगळं घोडं तिथेच अडत होतं. उभं चित्र आडव्या टीव्हीत बसवलं की ते मधोमध आक्रसतं आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात. साहेबांना त्या पट्ट्या डोळ्यांसमोर नको व्हायच्या. "गिऱ्हाईक म्हणेल, मी एवढा मोठा टीव्ही घेतला तो काळोख बघायला?" म्हणून त्यांनी चित्र मोठं करून टीव्ही भरायला लावला. टीव्ही भरला खरा, पण वरचा निम्मा खेळ कापला गेला. शत्रू दिसायच्या आत त्याची गोळी अंगावर! खेळणाऱ्याने काय कुंडली मांडून विमान चालवायचं?

तोडगा धाकटीने काढला होता. चित्रच आडवं पाडायचं. ज्याला पूर्ण खेळ हवा त्याने आपला पडदा स्टँडवर फिरवून उभा करावा, की चित्र सरळ आणि सबंध. काही स्टँड एका अंगाला वळतात, काही दुसऱ्या, म्हणून चित्रालाही दोन सोयी: डोकं उजवीकडे किंवा डोकं डावीकडे. साहेबांनी नाक मुरडत होकार दिला होता. आणि आज, खेळ कारखान्याकडे जायला दोन दिवस उरले असताना, त्यांनी कागदावर रेघ ओढली. उजवीकडचं राहू दे, डावीकडचं काढ.

कारण दिलं शंकासुराने. हा खेळ तपासणारा माणूस. चालत्या पंख्याखाली बसून "हा पडणार तर नाही ना?" असं विचारायचा, म्हणून शंकासुर. त्याने शोधून काढलं की डावीकडच्या चित्रात खेळ थांबवला की पर्यायांची यादी उलटी दिसते.

"एवढंच ना? दुपारपर्यंत करते," धाकटी म्हणाली आणि केलंही. आता ते तपासायचं कसं? ऑफिसातला स्टँड एकाच अंगाला वळायचा, त्यावर उजवीकडचं चित्र सरळ दिसे आणि डावीकडचं शीर्षासन करी. धाकटीने पडदा होता तसा आडवा ठेवला आणि सरळ फरशीवर डाव्या कुशीवर आडवी झाली. हिशेब बघणाऱ्या बाई फायली घेऊन आल्या आणि दचकल्याच.

"अगंबाई, चक्कर आली की काय?"

"काम करतेय."

"असं काम आम्हालाही द्या हो," बाई म्हणाल्या आणि तिच्या पायांवरून लांब पाऊल टाकून पुढे गेल्या. सगळे हसले. धाकटी हसली नाही.

कारण ताई गेले पाच महिने अशीच पडून होती. पाठीच्या कण्याचं ऑपरेशन झालेलं. पाठीवर झोपायचं नाही, बसायचं नाही, उजव्या कुशीवर वळलं तर कळ थेट डोक्यात. राहिली डावी कूस. त्या कुशीवरून टीव्ही बघितला की बातम्या देणारी बाई भिंतीला चिकटलेली दिसायची. आठवड्याभरात ताईने टीव्ही बंद करायला लावला आणि ती खिडकीकडे बघत राहिली. एके काळी हॉलमध्ये याच विमानाच्या मशीनवर ताईने भल्याभल्यांची बोबडी वळवली होती. एका नाण्यात तासभर खेळायची, मागे गर्दी जमायची, आणि धाकटी तिची ओढणी धरून उभी असायची. हाच खेळ ऑफिसात आला तेव्हा धाकटीला सुचलं, चित्राचं डोकं डावीकडे असेल तर टीव्ही हलवायलाच नको! ताईला ते तिच्या उशीवरून अगदी ताठ दिसेल. तिने ताईला शब्द दिला होता. पाच महिन्यांत ताईने तेवढीच एक गोष्ट मागितली होती, "आणशील ना नक्की?"

म्हणून ती फरशीवरून उठली, कपडे झटकले आणि साहेबांच्या टेबलाशी गेली.

"झालंय दुरुस्त. डावीकडचं ठेवायचं."

"आता नको. पण हवंय कशाला ते? कोण टीव्ही आडवा पाडून खेळतं?"

"टीव्ही नाही, माणूस आडवा असतो. माझी ताई."

साहेब वाईट नव्हते, हीच तर पंचाईत. त्यांनी चेहरा मऊ केला. "मग असं कर ना, ताईंसाठी एक वेगळी प्रत घेऊन जा घरी. माझी परवानगी आहे."

झालं! "परवानगी?" धाकटीचा आवाज मजलाभर गेला. "जगात काय माझी एकटी ताई कुशीवर पडून आहे? आणि निम्म्या लोकांचे स्टँड दुसऱ्या अंगाला वळतात, त्यांनी काय डोक्यावर उभं राहून खेळायचं? ज्यांनी हा खेळ केला त्यांनी एकेक गोळी मोजून सोडली होती, साहेब. तुम्ही वरून कापलंत, बाजूने कापलंत. दुसऱ्याच्या कामात कात्री घालायचा अधिकार दिला कुणी तुम्हाला?"

साहेब म्हणाले, "निर्णय झालाय," आणि त्यांनी फोन उचलला. गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता.

धाकटी दात-ओठ खात जागेवर आली. नाक कापून घेतल्यासारखं वाटत होतं, तरी तिने ताईसाठी वेगळी प्रत केली, कारण शब्द दिला होता. आणि करता करता तिने आणखी एक काम उरकून घेतलं. ताईच्या बोटांना अधूनमधून मुंग्या यायच्या, पेला धरताना हात थरथरायचा. धाकटीने एक आकडा बदलला. गोळ्यांचा वेग शंभर होता, तो सत्तर केला. कुणाला विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? आपल्याच माणसासाठी तर होतं.

संध्याकाळी ताईच्या खोलीत तिने टीव्हीला सगळं जोडलं, ताईच्या गुडघ्यांमधली उशी नीट केली आणि खेळायची बटणं हातात दिली. चित्र लागलं. ताईने डोळे बारीक केले, मान उशीवर जराशी सरकवली.

"अगं, सरळ आहे!" ती म्हणाली. "सगळं सरळ आहे!"

ताई खेळू लागली. पहिला टप्पा गेला, दुसरा गेला, विमानाला ओरखडा नाही. दारात उभं राहून बघणारी आई म्हणाली, "बघा, हात विसरला नाही हो!" तिसऱ्या टप्प्यात मात्र ताईचा अंगठा थांबला. तिने खेळ थांबवला आणि टीव्हीकडे बघतच विचारलं, "किती कमी केलंस?"

"काय?"

"वेड पांघरू नकोस. गोळ्या रांगतायत. किती?"

"तीस. शंभरातले. ताई, तुझ्या हाताला–"

"माझ्या हाताचं मी बघीन!" ताईला ओरडताना पाठीत कळ आली, तिने ती ओठ चावून जिरवली. "पाच महिने सगळी माणसं माझ्याशी हळू बोलतात. डॉक्टर हळू बोलतो, आई हळू बोलते, शेजारीण तर लहान मुलाशी बोलावं तशी बोलते. म्हटलं, निदान हे मशीन तरी मला ओळखणार नाही. ते कुणाची गय करत नाही, म्हणून मागितलं होतं गं मी!"

"मी तुझ्यासाठीच केलं ना?"

"साहेबाच्या नावाने दुपारी फोनवर अर्धा तास बोटं मोडलीस. तो बिचारा कापतो ते तोंडावर सांगून कापतो. तू गुपचूप कापलंस."

आई स्वयंपाकघरात निघून गेली. धाकटीचे कान तापले. जन्मात तिला एवढा राग आला नव्हता, आणि आता तो काढायला समोर कुणी नव्हतं. तिने लॅपटॉप उघडला आणि सत्तरचे शंभर केले. सांगितलं फक्त, "केलं."

ताईने खेळ पहिल्यापासून सुरू केला. वीस सेकंदांत विमान गेलं. दुसरं पंधरात गेलं. तिसऱ्या वेळी हाताला कंप सुटला, बटण हुकलं आणि ताईने अशी सणसणीत शिवी हासडली की आई ओल्या हातानेच धावत आली.

"काय झालं? दुखतंय का?"

"मेले मी," ताई म्हणाली. पाच महिन्यांत पहिल्यांदाच तिचे गाल लाल झाले होते. "बाजूला हो आई, दिसत नाही मला. धाकटे, परत लाव."