पालथा डबा

मी एक पत्र्याचा डबा. आधी तेलाचा होतो. १९९४ साली जुन्नरच्या बाजारात जलालभाईंनी मला कापलं, हाताला लागू नयेत म्हणून कडा आत वळवल्या आणि झाकणाला मूठ जाईल एवढी फट ठेवली.

"कशाला पायजे असा डबा?" त्यांनी विचारलं.

"देवाच्या मुठीला," सोनीबाई म्हणाली. तेव्हा तिला सहावा महिना होता.

"मग बुडाला कथलाचा आणखी एक डाग देतो. देवाचं सांडाया नको."

असा मी वारूळवाडीजवळच्या एका वस्तीवर, ख्रिस्ती माणसांच्या घरात आलो. तिथली रीत अशी, की स्वयंपाकाला बसण्याआधी घरच्या बाईने धान्याची एक मूठ देवासाठी बाजूला काढायची. सुगीच्या रविवारी सगळ्या घरचे डबे प्रार्थनाघराच्या टेबलावर जायचे आणि ते धान्य ज्या घरात कमवतं माणूस नाही तिथे पोचायचं. डब्यात पडलेली मूठ पुन्हा बाहेर काढायची नाही.

सोनीबाईला मुलगी झाली, सलोमी. ती मोठी झाली तशी आईच्या मागून आपली इवलीशी मूठ टाकू लागली. तिचा हात फटीतून कोपरापर्यंत आत यायचा. आत ती बोटांनी पत्रा वाजवायची आणि मग कान लावून ऐकायची. मला वाटायचं, आपण धान्यासाठी नाही, या खेळासाठीच झालोय.

२००१ साल. सलोमी सात वर्षांची होती. शेळीला पाला आणायला उसाच्या बांधावर गेली. त्या साली आमच्याकडे उसात बिबटे फार झाले होते. आधी तिची एक चप्पल घरी आली. मग माणसं तिला घेऊन आली.

मातीच्या वेळी प्रार्थनाघराचे पाळकसाहेब म्हणाले, प्रभू आपला मेंढपाळ आहे. सोनीबाईने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिने माझ्यातली बाजरी एका म्हाताऱ्या विधवेच्या घरी पोचवली आणि मला फळीवर पालथं घातलं.

सुगीचा रविवार आला. मला वाटलं, या वर्षी आपण घरीच. पण तिने मला काखेत मारलं, प्रार्थनाघरात नेलं आणि भरलेल्या डब्यांच्या रांगेत टेबलावर पालथं ठेवलं. लाजेने माझा पत्रा तापला.

प्रार्थनाघराचा कारभार बघणारे, मंडळीतले वडीलधारे गेणभाऊ हळूच म्हणाले, "सोनीबाई, रिकामा डबा घरी ठिवावा."

"मुद्दाम आणलाय. बघू द्या त्याला."

"कुणाला?"

"ज्याचं टेबल हाय त्याला."

पाळकसाहेब म्हणाले, "असू द्या, गेणभाऊ."

मग ती दर रविवारी मला घेऊन येऊ लागली. गाणी म्हणायची नाही, प्रार्थनेला डोळे मिटायची नाही. पहिल्या बाकावर ताठ बसायची आणि समोर मी पालथा. पाणवठ्यावर एकीने टोमणा मारला, "देव सोडलाय तर जाती कशाला गं?"

"सोडला असता तर भांडले कुणाशी असते?" सोनीबाई म्हणाली आणि हंडा उचलला.

गेणभाऊंना हे बघवेना. एका रविवारी लवकर येऊन बसलेली सोनीबाई पाणी प्यायला बाहेर गेली, तेव्हा त्यांनी मला सरळ करून माझ्यात चार मुठी ज्वारी घातली. आणि सवयीने पुन्हा पालथं ठेवलं, फटीवर तळहात धरून, टेबलाला घट्ट टेकवून. उपासना संपली. सोनीबाईने मला उचललं तशी ज्वारीची धार तिच्या पावलांवर पडली. मागच्या बाकावर कुणी फिसकन हसलं. गेणभाऊ जमिनीकडे बघत होते.

"भाऊ, चोरी करायची तर नीट करावी," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "तुमची माया कळली. पण माझ्या डब्यात दुसऱ्याची मूठ नको."

दोघांनी मिळून ज्वारी वेचली.

दुसऱ्या हिवाळ्यात आमच्या वाटेवरच्या शेतात धनगरांच्या मेंढ्या बसल्या होत्या. उपासनेहून येताना सोनीबाईला बांधावर भिमाजी धनगर दिसला. उजवा हात बोटांपासून खांद्यापर्यंत फडक्याने बांधलेला.

"हाताला काय झालं, पावणं?"

"बिबट्या. कोकरू धरलं व्हतं. मी जबड्यात हात घातला."

"वाचलं का?"

"न्हाई."

"मग हात घालून काय मिळालं?"

भिमाजी तिच्याकडे बघतच राहिला. "माझं व्हतं ना, बाई. त्याला दात लागत असताना मी बसून कसं ऱ्हाऊ?"

सोनीबाई मटकन बांधावर बसली. मला मांडीवर घेतलं. लांब खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठ्या छत्र्या आभाळाकडे तोंड करून उभ्या होत्या. "माझी सलोमी," ती म्हणाली, आणि दीड वर्षात पहिल्यांदा मोठ्याने रडली. भिमाजीने डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं आणि ती उठेपर्यंत बसून राहिला.

घरी आल्यावर ती भिंतीवरच्या क्रुसासमोर उभी राहिली, कमरेला पदर खोचून.

"तुझ्या बी हाताला जखमा हाईत. लहानपणापास्नं ऐकते, ध्यानात आलं न्हवतं. पण म्हणून मी गप बसंन असं समजू नको."

मग मला सरळ केलं आणि बाजरीची एक मूठ टाकली. किती दिवसांनी माझा पत्रा वाजला.

त्या साली सुगीच्या रविवारी टेबलावर मी सरळ उभा होतो. गेणभाऊंनी फटीतून डोकावलं. "एकच मूठ?"

"एकच. भांडण मिटलं न्हाई, भाऊ. पण आता ते एका घरातलं हाय."

आता २००९ साल आहे. मी गंजलोय, झाकण नीट बसत नाही. जलालभाईंचा डाग मात्र धरून आहे. सोनीबाई आता गाते, बेसूर आणि सगळ्यांच्या वर. कधी मूठ पडते, कधी नाही. सलोमीच्या तिथीला ती मला अजूनही पालथा घालते आणि दुसऱ्या दिवशी सरळ करते.

उद्या माझ्या जागी स्टीलचा डबा येईल, येऊ दे. माझं मागणं एवढंच. कुणी बाई आपला रिकामा डबा घेऊन आली, तर तिला दाराशी अडवू नका, आणि गुपचूप भरूही नका. टेबलावर जागा करा. पालथा असला तरी तो तिने उचलून इथवर आणलाय.