सत्तेचाळीस मण्यांची हळद

मी एक जुनी फाईल आहे. कपाटातली कागदांची नव्हे, संगणकातली. मला उघडलंत तर आधी तुमची निराशाच होईल. वर सत्तेचाळीस हा आकडा, त्याखाली माझं नाव आणि मग सत्तेचाळीस ओळी. प्रत्येक ओळीत एक अक्षर आणि तीन संख्या. पण मित्रांनो, हळद ज्या रेणूमुळे पिवळी दिसते, त्याचा एकेक अणू कुठे बसतो ते या संख्यांत लिहिलेलं आहे.

माझा जन्म २००४ साली, हट्ट्याजवळच्या एका तांड्यावर झाला. तिथले देविदास सर विज्ञान शिकवत. त्यांची जुनी विद्यार्थिनी यास्मीन जवळा बाजार या गावी शिक्षिका होती. तिच्या वर्गात सर एकदा बोलायला गेले, तेव्हा चांगुणा नावाच्या मुलीने पिवळे हात पुढे करून विचारलं, "सर, हळद पिवळी काहून असते?"

"नुसतं सांगून समजायचं न्हाई," सर म्हणाले. "हळदीचा रेणूच तुमच्या वर्गात फिरवून दाखवीन. शब्द देतो."

त्या शब्दासाठी मी घडले. सरांनी आई मिराबाईंकडे मणी मागितले. मिराबाईंनी आपल्या जुन्या कांचळीचे, म्हणजे चोळीचे, मणी उसवून दिले: कार्बनसाठी एकवीस काळे, हायड्रोजनसाठी वीस पांढरे, ऑक्सिजनसाठी सहा लाल. पुस्तकातली अंतरं आणि कोन बघून सरांनी ते तारेत ओवले आणि तो सांगाडा एका खोक्याच्या कोपऱ्यात टांगला. मग प्रत्येक मणी दोन भिंतींपासून किती आणि तळापासून किती, हे पट्टीने मोजलं. दोरा धरायला मिराबाई.

"लोकं हळद कुटतात, तू मोजून राहिला," त्या म्हणायच्या.

"आई, हात हलवू नको."

"हात न्हाई हलत. तुझं डोकं हलून राहिलं."

महिनाभराने मी पुरी झाले. ब्राउझरच्या पानात चालणारा एक व्ह्यूअर, म्हणजे रेणूचं चित्र दाखवणारा प्रोग्रॅम, सरांना सीडीवर मिळाला होता. त्याने माझ्या संख्या वाचल्या आणि पडद्यावर गोळे उमटले. माऊस ओढला की मी गरकन फिरायचे. अख्खा तांडा बघून गेला. इतकं कौतुक मला सोसवेना.

पुढे सर वारंगा फाट्याला सादिकच्या नेट कॅफेत गेले. सादिकने फुकटच्या संकेतस्थळावर जागा मिळवून दिली. सरांनी तिथे पान चढवलं, व्ह्यूअर चढवला आणि यास्मीनला पत्ता कळवला. वर्ग जमला. पान उघडलं आणि मधोमध नुसता काळा चौकोन दिसला. मुली हसल्या. यास्मीनने फोन केला तेव्हा सर एवढंच म्हणाले, "घरी तर दिसतंय. बघतो."

बघायचं राहून गेलं. चौथ्या दिवशी सरांच्या छातीत कळ आली. वसमतला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

संगणकावर मिराबाईंनी आपला जुना फेटिया, म्हणजे घेरदार घागरा, पांघरला. वर्षभर मी त्या अंधारात होते. दुसरीकडे माझी प्रत नव्हती. धूळ आत येत होती. एक उंदीर वायर कुरतडून गेला असता, तर माझ्यासोबत सरांचा शब्दही गेला असता.

वर्षश्राद्धाला सरांची मुलगी पुजा हिंगोलीहून आली. तिने फेटिया उचलला आणि घडी घालून बाजूला ठेवला. संगणक सुरू करून तिने मला उघडलं. मी फिरून दाखवलं. यास्मीनच्या वर्गातल्या काळ्या चौकोनाबद्दल तिने ऐकलं होतं. मग तिने वडिलांनी लिहिलेलं पान उघडून ओळ न् ओळ वाचली. व्ह्यूअरने मला कुठून आणायचं तो पत्ता तिथे होता: डी ड्राइव्ह, देविदास, हळद. म्हणजे याच घरातला संगणक. सरांनी पान जगाला दिलं होतं. मी घरीच राहिले होते. वर्षभरात पुजा पहिल्यांदा हसली. मग तिने डोळे पुसले.

फ्लॉपीत घालून तिने मला फाट्याला नेलं. सादिकने पान बघून मान हलवली. "दावतीचं कार्ड बराबर गेलं, ताई. जेवणाची देग मात्र सरांनी घरीच ठेवली."

पुजाने मला पानाच्या शेजारी चढवलं आणि पत्त्याच्या जागी फक्त माझं नाव लिहिलं. फ्लॉपी काढून ती म्हणाली, "आता या मशीनवर नको. त्या कोपऱ्यातल्या मशीनवर उघड." मी तिथेही उघडले.

शनिवारी जवळा बाजारच्या वर्गात तीच मुलं होती, आता दहावीतली. पुजासोबत मिराबाईही आल्या होत्या. फोनच्या तारेवरून व्ह्यूअर रखडत आला. पुन्हा काळा चौकोन. कुणी हसलं नाही. यास्मीनने पुजाचा हात धरला. मी चिमूटभर, व्ह्यूअरने हाक मारताच पोचले. सत्तेचाळीस गोळे एकदम उजळले.

चांगुणाने माऊस ओढला. मी फिरले, घरी फिरायचे तशीच. मिराबाई पडद्याजवळ गेल्या, बोटाने मोजू लागल्या. लाल सहा भरले.

"माझेच हायेत," त्या म्हणाल्या. "पण काळे दिले होते मी. करडे काहून झाले?"

"व्ह्यूअरचा रंग आहे, दादी," पुजा म्हणाली.

"व्हय. लई फिरवले आसतील."

सगळा वर्ग हसला. पुजाही.

मित्रांनो, आज मी खूप संगणकांवर आहे आणि म्हणूनच जिवंत आहे. तुमच्याजवळ जपण्यासारखं काही असेल, तर त्यावर नुसता फेटिया पांघरू नका. त्याची एक प्रत दुसऱ्याच्या घरी ठेवा. आणि कुणाला काही दिलं असं म्हणण्याआधी, ते त्याच्याकडे उघडतं का, एवढं बघा.

त्या दिवशी घंटा झाली तरी चांगुणा उठली नाही. "मॅडम, हे माझ्या मामाच्या गावाला पण दिसंल का?"

यास्मीनने पुजाकडे पाहिलं. पुजाने खडू उचलला आणि फळ्यावर पत्ता लिहिला, वडील लिहीत तशा मोठ्या अक्षरांत.

"दिसंल," ती म्हणाली. "लिहून घे."