सोडायचं नाही

जिममधल्या बायका तिला तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे शिट्टीबाई. तिला दोन्ही माहीत होतं, आणि खरं तर दुसरंच जास्त आवडायचं. सकाळची बॅच तिची, गळ्यात कायम शिट्टी. मोठ्याने गाणी, त्याहून मोठ्याने ती: "अजून चार! सोडायचं नाही!" बायका घामाघूम होऊन मनातल्या मनात शिव्या घालत आणि दुसऱ्या दिवशी न चुकता हजर होत.

मग तिच्या धाकट्या जावेने शेजारच्या खोलीत योगाचा वर्ग सुरू केला. ही जाऊ घरात आली तेव्हा जिना चढताना धापा टाकायची. तिला हातपाय हलवायला शिकवलं ते शिट्टीबाईनेच. आता ती नुसती डोळे मिटून बसायची, आणि तेवढ्यावर एकेक बाई भिंतीपलीकडे जायला लागली. वर सांगून जायच्या.

"मॅडम, राग नका मानू हं. तिकडे कसं शांत वाटतं."

"वाटणारच. आडवं झालं की सगळ्यांनाच वाटतं."

गाण्याचा आवाज कमी करून ती भिंतीशी कान नेऊ लागली. पलीकडून काहीच ऐकू यायचं नाही. तिचं डोकं फिरायचं ते त्यानेच.

शेवटी मालकच म्हणाला, "मॅडम, सकाळी उड्या मारायला आता कुणी येत नाही. मोठ्या हॉलमध्येही योगच ठेवू. तुम्ही शिकून घ्या, एक वर्ग घेऊन दाखवा. जमलं तर हॉल तुमचा, नाहीतर तुमच्या जावेचा."

"ताई, मी शिकवते की," धाकटी म्हणाली.

"नको गं, तुला कशाला त्रास," असं गोड बोलून ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या योगशिक्षकाकडे जाऊ लागली. पहिल्याच आठवड्यात त्याने विचारलं, "तुम्ही आसन करताय की आसनाशी कुस्ती?" रात्री पाठ धरली की तिला धाकटीची ताठ पाठ आठवायची, आणि सकाळी ती पुन्हा जायची. हळूहळू जमलं. एकदा तर डोळे मिटल्यावर चक्क बरं वाटलं. लगेच उघडले.

दाखवायचा दिवस आला. मालक खुर्चीवर, बायका मॅटवर, धाकटी शेवटच्या रांगेत. आसनं छान झाली. मग श्वास.

"श्वास घ्या... हळूहळू... अजून थोडा..."

आणि इतक्या वर्षांचं वळण लागलेली जीभ घसरली. "सोडायचं नाही!"

बायकांनी सोडला नाही. तिच्याच तालमीतल्या त्या. गाल फुगले, चेहरे लाल झाले, एकीचे डोळे बाहेर यायला लागले. आपण काय बोललो हे शिट्टीबाईला कळलं, पण पुढचा शब्द काही केल्या आठवेना.

मागून धाकटी अलगद म्हणाली, "सोडा."

हॉलभर फुस्स झालं. मग हशा पिकला, मालकही पोट धरून हसला. चूक तिने पचवली असती. पण तिच्या बायकांनी श्वास सोडला तो दुसरीच्या शब्दावर, हे मात्र घशाखाली उतरेना.

हॉल धाकटीला मिळाला. शिट्टीबाईच्या वाट्याला संध्याकाळची छोटी खोली आणि गुडघे धरून चालणारी मंडळी. पहिल्या संध्याकाळी त्यांच्यात सासूबाई.

"तुम्ही धाकटीकडे नाही गेलात?"

"गेले होते गं. ती फार हळू बोलते. सगळ्या कधी उठल्या कळलंच नाही, मी आपली पडून. तू कशी ओरडतेस, बरं पडतं."

तिने खणखणीत आवाजात वर्ग घेतला. शेवटी शवासनात सासूबाई घोरू लागल्या, अगदी सुखाने. तेवढ्यात दार किलकिलं झालं. धाकटी उभी होती. तिने घोरणाऱ्या सासूबाईंकडे बघितलं, मग हिच्याकडे, आणि ओठ घट्ट मिटले.

तो चेहरा शिट्टीबाईने वर्षभर आरशात पाहिला होता. जिवाला गार वाटलं. खोटं कशाला, चांगलंच गार वाटलं. ती थोडा वेळ ते चाखत उभी राहिली. मग मात्र तिला ते मिटलेले ओठ बघवेनात. तिने पायाने एक रिकामी मॅट पुढे सरकवली.

"दारात काय उभी राहिलीस? आडवी हो. दिवसभर दुसऱ्यांना झोपवून दमली असशील."