मला तेल लावू नका

मी रबर बोलतोय. खोडरबर नव्हे, टेबल टेनिसच्या बॅटीवर बसवतात ते काळं, चिकट रबर. बोलतोय मी, पण ज्या श्वासावर बोलतोय तो माझा नाही, हे आधीच सांगून टाकतो.

वर पातळ कातडी आणि खाली निळा, कडक स्पंज असा माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे दिवसाला आमच्यासारखे शेकडो जन्मतात, त्यामुळे बारशाचं कौतुक कुणाला नसतं. मी आलो चीनमधल्या आनशान गावी, क्रीडाशाळेच्या फाटकासमोर शुएमेई बाईंचं रबरं चिकटवून देण्याचं दुकान आहे, तिथे. बाईंचा हात म्हणजे काय सांगू! आधी स्पंजाला तेलाचा एक हात, मग दिवसभर वाळवण, मग दुसरा हात. तेल प्यायलं की आम्ही फुगतो, उन्हातल्या पापडासारखे कडेने वळतो. मग गोंद लावून आम्हाला लाकडावर बसवतात. पंचांना हे तेल चालत नाही, पण गावात न लावणारा शोधून सापडायचा नाही. तेल प्यायलेल्या रबरावरून चेंडू असा सुटतो की खेळणाऱ्याची छाती फुलते. महिन्याभराने तेल उडतं, आम्ही आक्रसतो, बाई आम्हाला सोलून पुन्हा पाजतात. असं दोन-चार वेळा झालं की कचऱ्याचा डबा.

मला बाईंनी थोरल्या मुलीच्या बॅटीवर चढवलं. रुइलान सतरा वर्षांची होती, डावखुरी, टेबलापाशी नुसती वाघीण. सर्व्हिस करण्याआधी ती माझ्यावर 'हा' करून श्वास सोडायची आणि तळव्याने पुसायची. सगळेच खेळाडू करतात, धूळ निघते म्हणून. धूळ निघत असेल, पण श्वास आत मुरतो. स्पंजाला भोकं असतात हे कुणी ध्यानात घेत नाही.

त्या हिवाळ्यात तलावावरचा बर्फ फुटला आणि रुइलान गेली. बॅट तिच्याबरोबर जाळली. मला आदल्याच दिवशी तेलासाठी सोललं होतं, म्हणून मी उरलो.

मी कुणाच्याच बॅटीवर नव्हतो, तरी बाई मला दर महिन्याला पाजत राहिल्या. "वाळू नकोस गं," म्हणायच्या. मला 'गं' म्हणायच्या! दोन वर्षं हे चाललं. एवढं तेल कुठल्याच रबराने प्यायलं नसेल. माझ्या आत काहीतरी कूस बदलायला लागलं आणि मला त्याची भीती वाटू लागली.

धाकटी शूवेन उजव्या हाताची, सावकाश खेळणारी, हरली तरी हसणारी. प्रांताच्या संघाची निवड पाच दिवसांवर आली होती. घाईत बाईंनी तिच्या रबराला पहिला हात ओला असतानाच दुसरा दिला. स्पंजात फुगा धरला आणि रबर वाया गेलं.

"नवं लाव ना मग," शूवेन म्हणाली.

"नवं हाताला बसायला पंधरा दिवस लागतात. ताईचं तयार आहे, आणि तुमच्या बॅटी एकाच मापाच्या."

"नको गं आई. ते तिचं आहे."

"रबरच आहे ना ते? तुझी ताई तुला नाही म्हणाली असती का?"

शूवेनने बॅट आईपुढे सरकवली.

पहिल्या दिवशी शूवेनने माझ्यावर श्वास सोडला आणि आतून कुणीतरी तो ओढून घेतला. दुसऱ्या दिवशी तिचे चेंडू कधी न गेलेल्या कोपऱ्यात जाऊ लागले. तिसऱ्या दिवशी तिचे प्रशिक्षक कोउ सर ओरडले, "ए शहाणे, डाव्या हाताने काय खेळतेस? थट्टा लावलीय?"

शूवेनने हाताकडे पाहिलं. तिला पत्ताच नव्हता.

पुढचे अकरा गुण तिने डाव्याच हाताने घेतले. बाकावर बसलेल्या बाई ताडकन उठल्या आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "रुइलान!"

"ओ, आई," शूवेन म्हणाली. मागे वळूनही न पाहता.

निवड झाली. घरी डंपलिंग उकडली, बाई कितीतरी दिवसांनी पोटभर जेवल्या. शूवेन डाव्या हातात काड्या धरून खात होती आणि बाई तिच्याकडे अशा बघत होत्या की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

महिना सरला. मी आक्रसलो, कडेला लाकूड दिसायला लागलं. एका सकाळी बाईंनी मला सोलून तेलाचा पहिला हात दिला, तेवढ्यात शूवेन रडत दुकानात आली.

"आई, मला निवडीचा सामनाच आठवत नाहीये. माझा वाढदिवससुद्धा नाही. तू मला कुठल्या नावाने हाक मारलीस, तेवढंच आठवतंय."

बाईंचा ब्रश हातातच राहिला.

"नको लावूस आता तेल. संघातून काढलं तर काढू दे. हरेन, पण हरणारी मी तरी असेन ना!"

बाईंनी तेलाच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि लेकीला कवटाळलं. "शूवेन. माझी शूवेन," म्हणत राहिल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा मला हायसं वाटलं. वाळायचं आणि कचऱ्यात जायचं, रबराला याहून चांगला शेवट नसतो.

पण एक हात देऊन झाला होता, हे दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

दारात गिऱ्हाईक आलं. बाई डोळे पुसत पुढे गेल्या. शूवेनचा डावा हात हळूच डब्याकडे गेला. उजव्याने त्याचं मनगट धरलं, घट्ट धरलं, बोटं पांढरी पडली. मग ती बोटं एकेक करून सुटली.

आज मी प्रांताच्या संघात आहे. डावखुऱ्या मुलीच्या बॅटीवर कुठे दिसलोच, तर हात जोडतो, मला सोलून उन्हात टाका, कात्रीने तुकडे करा. मी आपणहून थांबणार नाही. त्या सकाळीही मी 'नको' म्हणायला हवं होतं. ब्रश टेकला आणि मी अधाशासारखा प्यायलो.

"शूवेन, काय करतेस गं आत?" बाईंनी बाहेरून विचारलं.

कुणीच ओ दिली नाही.