दिलगीर

स्टेपलरच्या पिनेचा एक पाय नीट दुमडला नव्हता. कागदाच्या मागच्या बाजूला तो तसाच उभा राहिला होता, आणि मंजुषाच्या अंगठ्याला तो आज पुन्हा टोचला. काल टोचला तेव्हा तिनं हात मागे घेतला होता. आज घेतला नाही. पिनेवर अंगठा तसाच टेकवून स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्या उभ्या ती तेच वाक्य वाचत राहिली – 'समाजमाध्यमावरील आपल्या लिखाणामुळे संस्थेच्या प्रतिमेस बाधा पोहोचली असल्याने आपली सेवा तात्काळ प्रभावाने संपुष्टात आणण्यात येत आहे...' तात्काळ नव्हे, तत्काळ. आणि 'तत्काळ प्रभावाने' हे तरी कुठलं मराठी? नववी-दहावीच्या पोरांना इतकी वर्षं हेच तर सांगत आले मी – इंग्रजी वाक्याला मराठी टोपी घालू नका. ज्या संस्थेत मी हे शिकवलं त्याच संस्थेनं मला काढताना...

"पाणी आलं!" शिवराज मोरीतून ओरडला. "मोटर लाव, मोटर!"

कागद डब्याखाली सरकवून ती धावली. मोटर, मग पाइप, मग खालचा ड्रम, मग गच्चीवरची टाकी, मग हंडे, कळशा, बादल्या, आणि शेवटी तांब्यापर्यंत सगळं. शेजारच्या सगळ्या घरांमधून एकाच वेळी मोटरींची घरघर सुरू झाली होती. आठवडा-आठवडा कोरडा राहणारा नळ वाहायला लागला की गल्लीतली माणसं एकमेकांशी उगाचच गोड बोलायला लागतात... हे वाक्य तिच्या मनात आपोआप तयार झालं. तशी वाक्यं तिच्या मनात नेहमीच होत. भाजी निवडताना, स्कूटी सिग्नलला उभी असताना. मग ती मोबाइल काढून फेसबुकवर टाकायची. ओळखीतली तीस-चाळीस माणसं हसायची, एखादी जुनी विद्यार्थिनी बदाम पाठवायची, संपलं. आत्ता मात्र ते वाक्य मनात आलं आणि त्याच्या मागोमाग लगेच प्रश्न आला – यात कुणाला काही लागेल का? गल्लीतल्या माणसांना? पाणीपुरवठ्याला? तिनं पाइप दुसऱ्या ड्रममध्ये टाकला. पाणी जोरात तळावर आदळलं. वाक्य पुसलं गेलं.

सोनिया गणवेश घालून दारात उभी होती. नववीतली, उंचीनं आईच्या कानाला लागलेली. रोज ती आईच्या स्कूटीवर मागे बसून शाळेत जायची. आज शिवराज तिला सोडणार होता.

"डबा घेतलास?"

"हो."

"कुणी काही बोललं तर..."

"माहितीये," सोनिया म्हणाली, आणि बापाच्या मागे निघून गेली. काय माहितीये तिला? मला तरी कुठं माहीत आहे, कुणी काही बोललं तर काय करायचं ते.

ज्या पोस्टवरून हे सगळं झालं, ती लिहिली त्या दिवशी सकाळी शाळेला उशीर झाला होता. छावणी भागातून शाळेत येताना रस्त्यात टँकर आडवा उभा होता आणि दोन माणसं जाड पाइप धरून डांबर धूत होती. संध्याकाळी कुणी नेते येणार होते. कमानी उभ्या राहिल्या होत्या, झेंडे लागले होते. स्वच्छ पाणी दुभाजकाच्या कडेनं वाहत गटारात जात होतं. सोनिया मागून म्हणाली, "आई, हे आपल्याकडं का नाही सोडत?" आणि मधल्या सुट्टीत, स्टाफरूममध्ये पोळीभाजी खाता खाता मंजुषानं लिहिलं – 'आज रस्त्यानं अंघोळ केली. आमच्या गल्लीचा नंबर अजून लागायचाय.' बस. एवढंच. ना कुणाचं नाव, ना पक्ष. शेजारच्या खुर्चीवरच्या बाई वाचून खळखळून हसल्या होत्या. त्याच बाई परवा व्हरांड्यात तिला पाहून वर्गाच्या यादीत डोकं घालून चालू लागल्या.

संध्याकाळपर्यंत त्या दोन ओळींशेजारी कुणीतरी त्या नेत्याचा हार घातलेला फोटो लावला, तिचा फोटो लावला, शाळेचं नाव लावलं. रात्रीतून ते हजारो माणसांकडं गेलं. हीच ती शिक्षिका. ही मुलांना काय शिकवणार. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी आठ-दहा जण येऊन उभे राहिले. त्यांनी काही तोडलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. त्यांच्यातला एक संस्थेच्या सचिवांना फार अदबीनं म्हणाला, "आमच्या भावना दुखावल्यात, साहेब. बाईंचं काय ते बघा." ती जिन्यात उभी राहून ऐकत होती. भावना! माझ्या घरात पाणी नाही ही भावना नाही का? तिला खाली जाऊन विचारायचं होतं. ती गेली नाही. तास होता, असं तिनं स्वतःला सांगितलं.

मग मुख्याध्यापिकांची केबिन. अश्लेषा मॅडम. चांगली बाई, मैत्रीण म्हणावी अशी. दोघींनी किती स्नेहसंमेलनं एकत्र उभी केली. त्यांच्या शेजारी संस्थेचे सचिव बसलेले, समोर चहाचे कप.

"मंजुषा, तुझं बरोबर आहे," अश्लेषा मॅडम म्हणाल्या, "पण..."

पण. न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्यय. पहिल्या वाक्यात जे दिलं ते दुसऱ्या वाक्यात काढून घेणारं. दोन दिवसांत तिनं तो शब्द किती तोंडांतून ऐकला! शिवराज म्हणाला, तू चुकली नाहीस, पण काळ कसा आहे बघ. वरच्या मजल्यावरचे म्हणाले, वहिनी, लिहिलं एकदम खरं, पण आपल्याला काय करायचंय. सगळ्यांनाच ती बरोबर वाटत होती. एवढी बरोबर ती आयुष्यात कधी नव्हती.

"ज्युनिअर कॉलेजच्या मान्यतेची फाइल वर अडकलीय," सचिव म्हणाले. "तुमच्या दोन ओळींसाठी पाचशे पोरांचं नुकसान करायचं का? एक जाहीर दिलगिरी टाका. विषय मिटला. मी मजकूर करून आणलाय."

"आणि सोनियाचं दहावीचं वर्ष तोंडावर आहे," अश्लेषा मॅडम हळूच म्हणाल्या. धमकी नव्हती ती. काळजीच होती. धमकी असती तर किती सोपं झालं असतं!

मजकूर मोबाइलवर आला. 'माझ्याकडून अनावधानाने झालेल्या लिखाणाबद्दल मी मनापासून दिलगिर आहे...' आणि मी काय केलं? मी उठून गेले नाही. मी म्हणाले नाही की अनावधानानं नाही, चांगलं अवधान ठेवून लिहिलंय. मी म्हणाले, "सर, दिलगीरमधला गी दीर्घ." मी तो दीर्घ केला. एक स्वल्पविराम घातला. सचिव खुशीत येऊन म्हणाले, "शेवटी मराठीच्या मॅडम!" – आणि ते हसले, अश्लेषा मॅडम हसल्या, आणि... मीही हसले. तिघं मिळून हसलो आम्ही. मग मी ते माझ्या नावानं टाकलं, आणि रस्त्याच्या अंघोळीच्या त्या दोन ओळी स्वतःच्या बोटानं पुसल्या.

आणि तरीही काल हे पत्र! नोकरी जाणारच होती, तर ते शब्द तरी राहायचे. सकाळपासून तिच्या डोक्यात हेच फिरत होतं, गिरणीच्या पट्ट्यासारखं. न्याय-अन्याय नंतर. आधी हे, की मी मोजून सगळं देऊन टाकलं आणि बदल्यात काहीच मिळालं नाही. ज्यांनी आधी शिव्या घातल्या होत्या त्यांनी दिलगिरीखाली आणखी घातल्या. आणि ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या त्यांनी लिहिलं, 'मॅडम, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.' मग कोणती होती? तुमच्यापैकी कोण फाटकाशी आला होता?

दुपारी ती भाषा विभागाच्या कपाटाची किल्ली द्यायला शाळेत गेली. फाटकावरच्या रखवालदारानं वहीत नाव लिहायला सांगितलं. पालकांच्या, पाहुण्यांच्या वहीत. तिनं लिहिलं. 'कामाचे स्वरूप' या रकान्यापाशी ती अडली, मग तो कोराच सोडला. नववीच्या वर्गात तिच्या तासाला कुणी दुसरेच सर गणित शिकवत होते. तिसऱ्या बाकावर सोनियाची वेणी दिसली. मान खाली. मंजुषा खिडकीपाशी थांबली नाही.

अश्लेषा मॅडमनी किल्ली घेतली. "मला फार वाईट वाटतंय गं. मी मीटिंगमध्ये बोलले होते."

"काय बोललात?"

मॅडमनी किल्ली खणात टाकली. मग म्हणाल्या, "तू माफी मागितलीस ना, तिथंच ते म्हणाले – बघा, त्यांना स्वतःलाच चूक मान्य आहे. मग माझ्याकडं बोलायला काही राहिलंच नाही."

बाहेर आली तेव्हा स्कूटीची सीट तापली होती. ती बसली नाही, उभीच राहिली. कुणाच्या तरी कानाखाली वाजवावीशी वाटत होती. कुणाच्या, ते मात्र ठरत नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. वडील. पाचोडहून.

"मंजे, काय करायलीस?"

"काही नाही आप्पा. शाळेतच आहे." खोटं नव्हतं.

"आगं, आज बाजारात आलतो. शेजारच्या सांडूनं मोबाइलात तुहं लिव्हलेलं वाचून दावलं. रस्त्यानं आंघुळ केली म्हणं!" आप्पासाहेब खो खो हसले. मागे बाजाराचा कल्ला ऐकू येत होता. "लई हसले लोक. म्या म्हणलं, माही पोरगी हाय ती. चार पोरींत हीच तोंडानं तिखट."

"आप्पा..."

"काई तरास झाला का?"

"थोडासा."

"होऊं दे. खरं बोललीस ना? व्हय का नाय?"

"व्हय," ती म्हणाली. कितीतरी वर्षांनी तिच्या तोंडून तो शब्द निघाला.

"मंग झालं तर. तू काय माघार घेणारी नाय, म्हाईत हाय मला."

त्यांच्या बाजारात त्या दोन ओळींचा जुना फोटो फिरत होता. पुसलेलं तिथं अजून शाबूत होतं. दिलगिरी तिथवर पोचलीच नव्हती. सांगायला हवं होतं. आत्ता, याच क्षणी. "ऊन लागलं असेल आप्पा, घरी जा आता," ती म्हणाली आणि फोन ठेवला. पाचोडच्या बाजारात एक मंजुषा अजून तिखट होती. ती कोण, कुठली? मला तिचा हेवा वाटला. मग रागच आला तिचा.

सोनिया आली ती बापाच्या गाडीवरून उतरून सरळ आत. शिवराज औरंगपुऱ्यातल्या त्याच्या विम्याच्या ऑफिसला परत गेला. पोरीनं हातपाय धुतले, पोहे खाल्ले. शाळेत काय झालं ते मंजुषानं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. मग ती चौकटीची वही घेऊन आईशेजारी येऊन बसली.

"वक्तृत्व स्पर्धेचं भाषण लिहिलंय. तपासतेस?"

'स्वच्छ शाळा, सुंदर शाळा' हा विषय. मंजुषाला बरं वाटलं – हात चालवायला काहीतरी मिळालं. सुरुवात नेहमीचीच होती, व्यासपीठ, परीक्षक, बालमित्र. एक वेलांटी सुधारली. एक शब्द जोडून लिहिला. दुसऱ्या पानावर ती थांबली. पोरीनं लिहिलं होतं, 'आमच्या शाळेत मुलींचं एक नवीन स्वच्छतागृह आहे. त्याला कुलूप असतं. पाहुणे आले की ते उघडतात. त्यामुळे पाहुण्यांना आमची शाळा खूप स्वच्छ वाटते, आणि आम्ही दिवसभर पाणी पीत नाही.'

काय लिहिलंय! छातीत काहीतरी उसळलं – आनंदच असावा तो. अशी चार वाक्यं वर्षातून एखाद्याच वहीत सापडतात. आणि तो पुरता वर येण्याआधीच ती म्हणाली, "हे काढ."

आवाज अगदी शांत होता. काळजीचा. कुणीही ऐकलं असतं तर म्हणालं असतं, आईच बोलतेय.

सोनियानं वर पाहिलं. "चुकलंय?"

"नाही."

"खोटं आहे?"

"नाही गं."

मंजुषा वाट पाहत होती. आता ही भांडेल. पाय आपटेल, म्हणेल, मग का काढू? – आणि ती भांडली की मी हरेन, आणि हरले की सुटेन. भांड ना. तोंड आहे ना तुला? पण पोरीनं वाद घातला नाही. तिनं नुसतं "बरं" म्हटलं, जणू हे असंच होणार हे तिला वही घेऊन येतानाच माहीत होतं. वही ओढून घेतली, पट्टी काढली, आणि पहिल्या वाक्याखाली नीट लावली – खाडाखोडही सरळ रेषेत करायची, हे मंजुषानंच शिकवलेलं.

सचिव नव्हते इथं, फाटकाशी कुणी उभं नव्हतं, कुणी काही मागितलं नव्हतं. दिवसभर ज्यांच्यावर चिडत होते त्यांच्यातलं कुणीही या खोलीत नव्हतं. होते ती मी. दिवसभर राग कसा बाहेर बाहेर धावत होता. आता त्याला कुठं जायला जागाच उरली नाही.

"थांब," ती म्हणाली.

सोनिया थांबली. पट्टी तशीच, मान वर. वाट पाहणारे ते डोळे मंजुषाला सहन होईनात, तरी तिनं नजर काढून घेतली नाही. पुढं काहीतरी बोलायलाच हवं होतं. 'ठेव' म्हणावं, तर उद्या व्यासपीठावर उभी राहणार होती ती ही पोर, आई नव्हे. 'काढ' म्हणावं, तर... तिनं तोंड उघडलं. आतून कुठला शब्द येतोय, हे तिला स्वतःलाच माहीत नव्हतं, आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच, तो येण्याआधी कुणाला लागेल का, हे तिनं तपासून पाहिलं नाही.